हैबतीला आणायला

महाड
सोमवार, ९ सप्टेंबर २००२

ती. सौ. मैथिलीताईस,
रुचिरचा शि. सा. न. वि. वि.

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी आंघोळीला गेलो होतो, असं आईने तुला सांगितलं. दिवसातून तीनदा आंघोळ करणारा भाऊ आपल्याला कुठून आला, असं तू विचारलंस म्हणे. फोन मधल्या खोलीत, शेजारी आई वाती वळत बसलेली, समोर बाबा पेपर उघडून. तुला जे सांगायचंय ते तिथे तोंडातून निघणार नाही, म्हणून हे पत्र.

सूरज गेला हे आईने कळवलंच आहे. २१ ऑगस्टला, बुधवारी, रात्रपाळी सुटल्यावर सकाळी मोटरसायकलने घरी, वाडीवर निघाला होता. आंबेनळी घाटात दाट धुकं होतं. एका वळणावर गाडीसकट दरीत गेला. दुपारी सापडला. सव्वीस वर्षांचा होता.

तू त्याला मागच्या मे महिन्यात एकदाच भेटलीस. एमआयडीसीत आमच्या कंपनीत प्लांटवरून लॅबमध्ये नमुने घेऊन यायचा, तिथेच माझी ओळख झाली. एकदा माझ्या वहीत राक्षसांची नावं बघून त्याने विचारलं, हा कुठला माल? त्याच रविवारी तो ओजसच्या कॉम्प्युटर क्लासवर हजर. तुझ्या हॉस्टेलवरच्या खेळाच्या नियमांच्या झेरॉक्सवरून आपण जी पात्रं घेऊन खेळायची मोहीम सुरू केली, तीत तो दोन वर्षं होता. ओजस सूत्रधार, देवश्री धनुर्धर, मी मांत्रिक आणि सूरज वाटाड्या. त्याच्या वाटाड्याचं नाव हैबती. ओजस प्रसंग सांगणार, आपण काय करणार ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते पिशवीतल्या हाउजीच्या एक ते दहा आकड्यांवर ठरणार. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहितोय, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

रविवारी १८ तारखेला सूरज नव्हता. गणपतीला सुट्टी मिळावी म्हणून जादा पाळी करत होता. नेहमीच्या नियमाप्रमाणे त्याच्या डावीकडचा, म्हणजे मी, हैबतीला खेळवत होतो. दरीवरच्या दोराच्या पुलाशी आम्ही पोचलो होतो. पूल कुजका असणार हे मला दिसत होतं. माझा मांत्रिक वाचावा म्हणून मी हैबतीला आधी पुढे घातला. देवश्री म्हणाली, सूरज कमरेला दोर बांधल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, चल गं, उशीर होतोय. पाचच्या वरचा आकडा हवा होता. तीन आला. ओजसने हैबती कसा कोसळला ते रंगवून सांगितलं आणि आम्ही सामान आवरलं.

मंगळवारी संध्याकाळी मी कंपनीतून सुटत होतो आणि सूरज आत येत होता. गेटवरूनच ओरडला, माझ्या हैबतीचं काय केलंत? मी हसलो आणि म्हणालो, रविवारी ये, मग कळेल.

तेराव्याला आम्ही तिघं वाडीवर जाऊन आलो. त्याच्या आईच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. आता मोहीम बंद आहे. ओजसने पिशवी माळ्यावर टाकली आणि आम्ही एकमेकांना टाळतो. मी त्याला माझ्या जिवासाठी पुढे घातला, ताई. खेळात का होईना, घातलाच.

कळावे. हे वाचून तुझ्या मनातून उतरलो नाही तर दोन ओळी लिही.

तुझा,
रुचिर

*

हुबळी
१६ सप्टेंबर २००२

चि. रुचिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि माझा भात करपला. तुझे भावोजी काही बोलले नाहीत, करपलेला भातच जेवले, यावरून पत्राचं वजन ओळख.

आधी सोपं सांगते. हाउजीच्या आकड्याने मोटरसायकल ढकलली जात नाही. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्या माणसाला हे मी समजवायला नको. तुलाही ते कळतं. तुला बोचतंय ते वेगळंच. तू त्याच्या जागी बसलास आणि वागलास स्वतःसारखा. हे खरं आहे आणि ते तुझ्या हातून झालं. इतकंच झालं. त्याला खुनाएवढं करू नकोस.

आता माझं ऐक. डावीकडच्याने गैरहजर माणसाचं पात्र खेळवायचं हा नियम त्या झेरॉक्समध्ये नव्हताच. तो मी काढला. हॉस्टेलवर माझी खोलीतली मैत्रीण मेसची घंटा झाली की डाव अर्धा टाकून पळायची, तेव्हा मी तिचं पात्र हाती घ्यायला लागले. तुम्हाला शिकवताना रुबाबात सांगितलं, की त्याच्यासारखं खेळायचं, आपल्यासारखं नाही. दुसऱ्यासारखं होणं इतकं सोपं असतं का रे? वीस वर्षांची शहाणी होते मी तेव्हा. म्हणजे तुझ्या या दुखण्यात माझाही वाटा आहे. एकट्याने सगळं घेऊन बसू नकोस.

ओजसकडे जा. देवश्रीकडेही जा. तिघं तीन कोपऱ्यांत तोंड लपवून बसलात तर सूरजची आठवण काढणार कोण? आणि आईशी नीट बोल. ती समजते तुला पोटाचं काहीतरी झालंय, ओवा देऊ का म्हणून मला विचारत होती.

काळजी घे. तू माझ्या मनातून उतरायला अजून बराच अवकाश आहे.

तुझी,
मैथिलीताई

*

वरची वाडी, पो. कापडे
ता. पोलादपूर
२९ सप्टेंबर २००२

रा. रा. रुचिरभाऊ यांस,
महिपत गोमाजी ढेबे यांचा रामराम.

मी सूरजचा बाप, पत्र लिवनार माजी मुलगी निशिगंधा. मी सांगतो तसाच लिव, सुधारू नको, आसा तिला सांगितला हाय.

तुमी तिघा तेराव्याला आलात, मान खाली घालून बसलात, जेवलात नाय. घरची मानसा म्हनली, त्या पोराला कायतरी लागलाय. म्हनून पत्र घालतो.

सूरज तुमच्याकडं रविवारी खेळून आला का पाळीची सुट्टी बघून आमाला सगला सांगायचा. गुरा बांदून झाली का अंगनात बसायचा. पंदरा-ईस मानसा जमायची. गोदूबाई म्हातारीला कमी ऐकू येतो, ती सगल्यांच्या पुढं बसायची. तुमी समदी आमाला ठाव हाव. बाईचा बान चुकत नाय. वजसभाऊ लई कडक, आकडा आला का आला. तुमचा मांत्रिक भितो, त्यावर आमची पोरा हसतात. पन सूरज त्यांना दटावायचा. म्हनायचा, भितो त्यालाच सगल्यांची काळजी आसते.

शेवटचा सांगितला तवा तुमी चौघा दोराच्या पुलाशी आलता. म्हनला, ह्या रविवारी मला काम हाय, पन रुचिर माज्या जागी खेळंल, मी काय नि तो काय. बुधवारी घरी आलो का सांगतो म्हनला.

तर आता वाडीवर कुनालाच म्हाईत नाय पुढं काय झाला. सूरजची आय साळूबाई दर दोन दिसांनी इचारते, हैबती पलीकडं पोचला का. मी काय सांगू? मला तर आदीचा पन नीट ठाव नाय, मी गुरांत आसायचो. तुमाला म्हाईत आसंल. खाली कापड्यात भातकापनीची घाई चालू हाय, आमचीबी मानसा जातात, पन येत्या दोन-तीन रविवारांत कवाबी दुपारी या. येऊन सांगून जावा. भाकरी हितच खायाची.

आमच्यावरची माया सोडू नका.

आपला,
महिपत गोमाजी ढेबे

(रुचिरदादा, हे मी माझ्या मनाने लिहिते. आई त्या दिवसापासून दुसरं काहीच विचारत नाही, फक्त हैबतीचं विचारते. बाबा तर कशाबद्दलच बोलत नाहीत. या. — निशिगंधा)

*

महाड
शनिवार, ५ ऑक्टोबर २००२

ती. सौ. मैथिलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत महिपतकाकांच्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाच, मग हे.

वाचलीस? मी काय नि तो काय, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. आणि भित्र्या माणसाला काळजी असते म्हणे. या भित्र्याने काय केलं ते त्या वाडीला ठाऊक नाही.

तुझं ऐकून पत्र घेऊन ओजसकडे गेलो, देवश्रीलाही बँकेतून सुटल्यावर बोलावलं. तेराव्यानंतर महिन्याने तिघं एकत्र बसलो आणि अर्ध्या तासात भांडलो. देवश्रीचं म्हणणं, सरळ सांगायचं की हैबती पूल ओलांडून गेला, पलीकडे राजाने त्याचा सत्कार केला, संपलं. ज्या बाईचा मुलगा दरीत गेला, तिला आणखी एक दरी कोणत्या तोंडाने सांगायची? ओजस म्हणाला, आकडा निघाला तो निघाला. आज सोयीसाठी एक बदलला तर दोन वर्षांचं सगळंच खोटं होतं आणि सूरजने अंगणात बसून सांगितलेलंही खोटं होतं. देवश्री म्हणाली, तुझी पिशवी सावित्रीत नेऊन बुडव. तो उठून आत गेला. मला वाटलं रागावला. जाऊन बघतो तर हा दांडगा माणूस कॉम्प्युटरवरच्या कव्हरला डोळे पुसतोय. म्हणाला, पाच मिनिटं मी वर्णन करत होतो रे, दगड कसे, धुकं कसं. धुकंसुद्धा मीच घातलं. मला काय माहीत?

म्हणजे आम्ही तिघंही तेच घेऊन बसलो होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो.

२० तारखेच्या रविवारी येतो असं वाडीवर कळवलंय. सांगायचं मला आहे, कारण हैबती माझ्या हातात होता. खरं सांगितलं तर त्या माऊलीचं काय होईल, आणि खोटं सांगितलं तर मी पुन्हा एकदा सूरजच्या जागी बसून माझी कातडी वाचवली असं होईल. तू सांगशील तसं करेन.

उत्तर लवकर दे. तुझ्याशिवाय हे कोणाला विचारणार?

तुझा,
रुचिर

*

हुबळी
११ ऑक्टोबर २००२

चि. रुचिर यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, हे पत्र २० च्या आत पोचायला हवं.

हैबतीला पलीकडे जाऊ दे. माझं स्पष्ट मत. आईचं मन आहे ते, त्याला आकडे लावू नका. ओजसला सांग, नियम माणसांसाठी असतात. खोटं बोलल्याचं पाप मी माझ्या नावावर घेते, मोठी बहीण आणखी कशासाठी असते?

भावोजींना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, ज्यांनी खरं ऐकायला बोलावलं त्यांना खोटं देऊन परतू नये. पण ते रेल्वेतले, त्यांना सगळं टाइमटेबलप्रमाणे लागतं. तू माझं ऐक.

सूरजच्या आईला माझा नमस्कार सांग. झाल्यावर सविस्तर लिही, नाहीतर मी गाडीत बसून तिकडे येईन.

तुझी,
मैथिलीताई

*

महाड
सोमवार, २१ ऑक्टोबर २००२

ती. सौ. मैथिलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवूनच काल निघालो होतो. एसटीत ओजसला सांगितलं, हैबती पलीकडे गेला असं मी सांगणार, तू फक्त गप्प बस. तो खिडकीबाहेर बघत बरं म्हणाला. घाटात उतरून वाडीवर चढायला तास लागला. अंगणात घोंगड्या पसरलेल्या, वीसेक माणसं, एका अंगाला करडं बांधलेली. गोदूबाई खरोखरच सगळ्यांच्या पुढे. साळूकाकी दाराच्या उंबऱ्यावर आणि महिपतकाका कोपऱ्यात पाठमोरे, गुरांसाठी दोर वळत.

मी सांगायला लागलो. माणसं हुंकार द्यायला लागली तसा धीर आला. मांत्रिक घाबरला तिथे पोरं हसलीही. पुलाशी आलो. हैबती पुढे झाला, असं म्हणालो. तेवढ्यात साळूकाकींनी विचारलं, कमरंला दोर बांदला का त्यानं? आणि मग त्याच इतरांना समजावल्यासारखं म्हणाल्या, की बांदला आसंल, माजा हैबती दोराबिगर पाय ठेवायचा नाय.

ताई, तिथून मला पुढे खोटं रेटता आलं नाही. दोर बांधला म्हणालो असतो तर सगळं सरळ होतं. पण त्या बाई आपल्या मुलाला ओळखत होत्या, आणि त्या दिवशी तिथे त्यांचा मुलगा नव्हताच. मी म्हटलं, नाही बांधला काकी. तो हैबती नव्हता, मी होतो. माझा मांत्रिक वाचावा म्हणून मी त्याला तसाच पुढे घातला आणि तो पडला. सूरजला हे सांगायचंही राहून गेलं.

देवश्री रडत होती. मला वाटलं, आता हाकलतील. साळूकाकींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या कसला तरी विचार करत होत्या. मग विचारलं, त्याला आनायला खाली कोन उतरला?

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओजसने कसंबसं सांगितलं, की उशीर झाला होता, आम्ही आवरलं. कोणी उतरलं नाही. त्या म्हणाल्या, म्हंजे आजून तो तितंच हाय? दोन म्हयने?

ओजस उठला, मांडी घालून अंगणाच्या मध्ये बसला आणि म्हणाला, आत्ता उतरू. नेहमीच्या सूत्रधाराच्या आवाजात सुरू झाला, की तिघं दरीच्या काठावर उभे आहेत, डाव्या हाताला खाली जाणारी पायवाट दिसते. आणि कोपऱ्यातून महिपतकाकांनी, मान वर न करता, सांगितलं की तिकडून नाय. तिकडं दगड सुटा हाय.

मग तेच सांगू लागले. उजव्या अंगाने कारवीच्या झुडपांना धरून उतरायचं. वर ऐनाच्या बुंध्याला दोराचे दोन फेरे मारायचे, दोर धरायला वाडीवरचा येसाजी आणि आणखी दोघं. मध्यावर एक कपार आहे, तिथे दम घ्यायचा. आम्ही मन लावून ऐकत होतो, ओजस वहीत लिहूनही घेत होता. मग ते म्हणाले, की कपारीच्या खाली गाडी आडकली हाय, तिच्या बुडाखालून सरपटत जायाचा. ओजसचं पेन थांबलं. आमच्या मोहिमेत गाडी कुठली?

ते थांबले नाहीत. दोर वळता वळता सांगत राहिले. सूरज एका कुशीवर होता, झोपल्यासारखा. वरून माणसं ओरडली, दोराला बांधा, ओढून घेतो. खाली उतरलेल्या महिपतकाकांनी नाही म्हणून सांगितलं. खांद्यावरची घोंगडी सोडली, लहानपणी आजारी असताना खाली कापड्यापर्यंत न्यायचे तसा त्याला पाठीशी बांधला आणि चढले. गुरं सावलीला बसली होती तेव्हा निघाले आणि गुरं घरी परतायच्या वेळेला रस्त्यावर पोचले. वाटभर त्याच्याशी बोलत होते. काय बोलले तेही सांगितलं. दम धर, आता कपार आली, आता ऐन दिसला, असं.

निशिगंधाने नंतर मला सांगितलं, की यातला एक शब्दही त्यांनी त्या दिवसापासून घरात काढला नव्हता, दोर धरणाऱ्यांनाही काढू दिला नव्हता. साळूकाकींना एवढंच ठाऊक होतं, की माणसं दोर घेऊन गेली आणि जीप आली.

साळूकाकी उंबऱ्यावरून उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, मला वाटत व्हता माज्या पोराला वंडक्यावानी दोरानं वडून काडला. रोज त्योच दोर दिसायचा मला. तुमच्या पाठीवर आला, तर बोललात का नाय? महिपतकाका म्हणाले, कसा सांगू? तुज्यापतूर जिता आनायला पायजे व्हता. मग हातातला दोर खाली पडला आणि ते लहान मुलासारखे रडले. साळूकाकी त्यांच्या मागे गेल्या आणि सगळ्या वाडीदेखत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

ओजसने आकड्यांची पिशवी उघडलीच नाही. वहीत त्याने लिहिलं, हैबतीला वर आणलं, आणि वही मिटून महिपतकाकांच्या पाया पडला. आम्ही भाकरी खाल्ली. निघताना साळूकाकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या वेळी मांत्रिकाने पुढं काय केलं ते सांगायला या म्हणाल्या. येतो म्हणालो.

संध्याकाळच्या एसटीसाठी चालत त्या वळणापर्यंत आलो. आजवर तिथून जाताना मी दुसरीकडे बघायचो. काल कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं. खूप खोल आहे, ताई. दोन महिने मी तो कसा पडला एवढंच बघत होतो. त्याला आणायला कोणीतरी एवढं खाली उतरलं असेल आणि त्याच्याशी बोलत वर आलं असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तुझं ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस. आई-बाबांना यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. पानं वाढून आई हाक मारते आहे, आता जेवायला बसलो की सांगतो.

कळावे. असाच जीव लावत राहा.

तुझा,
रुचिर